आत्याच्या गोळ्या बंद पाडणारा मेसेज

"हार्ट फेल झालंय? आलं-लसूण-लिंबू-व्हिनेगरचा रस घ्या, नळ्या मोकळ्या होतील. पाण्याच्या गोळ्या किडनी खातात, बरं वाटलं की सगळी औषधं बंद करा. साधं मीठ सोडा, सैंधव हवं तेवढं खा." आमच्या घरच्या ग्रुपवर हा मेसेज तीनदा आला. तिसऱ्यांदा आत्याने तो मनावर घेतला. पाच दिवसांत वजन ५८ वरून ६२. नडगीवर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा, आणि रात्री आडवं झालं की धाप. तीन उशांना टेकून, बसूनच झोप.

आता रसाचं. हार्ट फेल होणं म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे आणि दर वेळी नळी तुंबणंही नव्हे. पंप कमी पडतो, किडनी मीठ-पाणी धरून ठेवते, ते पायांत आणि फुप्फुसांत उतरतं. आत्याच्या अँजिओग्राफीत एकही ब्लॉकेज नव्हतं, तिच्या हृदयाचा स्नायूच ताणून सैल झालाय. मग रस कोणती नळी उघडणार होता?

"बरं वाटलं की बंद" हे तर जिवावर बेतणारं आहे. अहो, बरं वाटतं ते गोळ्यांमुळेच! लंडनच्या डॉक्टरांनी हेच तपासलं, २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आत्यासारखंच सैल झालेलं हृदय औषधांनी सुधारलेले, काही त्रास नसलेले ५१ रुग्ण. डॉक्टरांच्या नजरेखाली २५ जणांची औषधं हळूहळू थांबवली. सहा महिन्यांत त्यातल्या ११ जणांचा आजार परत आला. औषधं चालू ठेवलेल्या २६ जणांत एकाचाही नाही.

किडनीचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. पाण्याच्या गोळ्या म्हणजे अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणाऱ्या; त्यांचा डोस जास्त झाला तर रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं, म्हणजे किडनीवर ताण आल्याची खूण, आणि पोटॅशियम वरखाली होतं. म्हणूनच तर डॉक्टर रक्त तपासायला लावतात आणि डोस बदलतात. आपल्या मनाने गोळी बंद करा असं कुठला डॉक्टर सांगतो?

सैंधव? तेही सोडियम क्लोराईडच. पाणी तेवढंच धरतं.

आत्याच्या गोळ्या पुन्हा सुरू आहेत. रोज सकाळी लघवीला जाऊन आली की, चहाच्या आधी ती काट्यावर उभी राहते आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन करा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. आज सकाळी ५८.५ होतं.