कंटेनरमधला एक ग्रॅम

८ आणि ९ मे २०२५ या दोन दिवशी नवी मुंबईच्या किरणोत्सार केंद्रात प्रक्रिया होऊन गेलेल्या आंब्याच्या पंधरा खेपा अमेरिकेने आपल्या विमानतळांवर अडवल्या. आंब्यात अळी सापडली नव्हती, फळमाशी सापडली नव्हती. सोबतचा पीपीक्यू २०३ हा प्रक्रियेचा दाखला देणारा अमेरिकेचा फॉर्म चुकीच्या पद्धतीने दिला गेला, हा आक्षेप होता. माल परत आणायचा तर विमानभाडं मालाच्या किमतीला भारी, आणि आणेपर्यंत आंबा टिकणार नाही. निर्यातदारांना तो तिथेच नष्ट करावा लागला.

जागतिक व्यापारात किती उतरावं यावर ठाण्यात आणि नवी मुंबईत जो वाद चालतो, तो इथे रॉटरडॅममध्ये वाचताना या पंधरा खेपा डोळ्यांसमोर येतात. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी करार झाला, १ ऑक्टोबरपासून स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड आणि लिश्टेनस्टाइनबरोबरचा करार लागू झाला. प्रत्येक कराराबरोबर जुनी भांडणं उकरली जातात. वागळे इस्टेटमधल्या गाळेवाल्याला वाटतं, जकात उतरली की स्वस्त परदेशी माल येऊन आपण संपलो. दुसरी बाजू म्हणते, जकात उतरली की आपला माल जगभर जाईल. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डंकेल प्रस्तावावर, म्हणजे जागतिक व्यापार कराराच्या मसुद्यावर, हेच झालं होतं. तेव्हा शेतकरी संघटनेचे शरद जोशी बहुतेकांच्या विरोधात जाऊन प्रस्तावाच्या बाजूने उभे राहिले. परदेशी स्पर्धेपेक्षा आपल्याच सरकारचे निर्बंध शेतकऱ्याला जास्त बुडवतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

माझं मत जोशींच्या बाजूचं आहे. विकसनशील देशाने व्यापारात उतरावंच. घरचं गिऱ्हाईक गरीब असेल तर फक्त त्याच्यावर विसंबलेला कारखाना मोठा होत नाही. पण वादाच्या दोन्ही बाजू जकातीपाशीच अडकून पडल्या आहेत. न्हावा शेवाहून निघालेला माल रॉटरडॅमला अडतो तेव्हा तो जकातीपायी क्वचितच अडतो. तो कसा अडतो हे नीट पाहिलं, तर कमावणारे देश काय करून कमावतात हेही कळतं.

तिळाचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमने पहिली सूचना दिली आणि मग युरोपभर भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड या जंतुनाशक वायूचे अंश सापडू लागले. तिळावरची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. कंटेनरमध्ये २० टन तीळ असले तर त्यात मिळून एक ग्रॅम. तेवढ्याने सगळा कंटेनर बाद. पाव, बिस्किटं, मसाले, जिथे जिथे तो तीळ गेला होता तिथून माल परत बोलावला गेला, आणि ऑक्टोबरपासून भारतीय तिळाच्या निम्म्या खेपा सीमेवर तपासायचा नियम आला. तपासणीचा खर्च आयातदाराच्या माथी, निकाल येईपर्यंत गोदामाचं भाडंही त्याचंच. तो ते पैसे पुढच्या सौद्यात भावातून कापून घेतो, म्हणजे शेवटी भरतो आपलाच शेतकरी.

हे झालं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. तिळात साल्मोनेला हा जंतू असला तर युरोप माल परत पाठवतो. तो मारायला सोपा आणि स्वस्त उपाय म्हणजे इथिलीन ऑक्साइडची धुरी. एक नियम पाळायला गेलं आणि दुसरा मोडला, कारण युरोपात हा वायू अन्नासाठी चालत नाही. वाफेने निर्जंतुक करण्याचा मार्ग होता, पण त्याला यंत्र लागतं, आणि वाफेनंतर दाणा पुन्हा नीट सुकवला नाही तर बुरशी येते. हे यंत्र एकट्या व्यापाऱ्याला परवडत नाही. पन्नास जणांत मिळून सहज परवडतं. आणखी एक गोष्ट मनाला लागते. निर्यातीचा तीळ वेगळा, घरचा वेगळा, ही वाटणी आपण निमूट मान्य केली आहे. जो अंश बेल्जियमच्या मुलाच्या पावात नको, तो ठाण्यातल्या मुलाच्या तिळगुळात का चालावा? व्यापारात उतरण्याचा खरा लाभ डॉलरइतकाच इथेही आहे: बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी उभी केलेली प्रयोगशाळा घरच्या गिऱ्हाइकालाही वापरता येते, कुणी वापरायची ठरवली तर.

हापूसने हा धडा आधीच गिरवला आहे. २०१३ मध्ये भारतातून आलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत युरोपला फळमाशी आणि इतर किडी सापडल्या. १ मे २०१४ पासून आंबा, आळू, कारली, पडवळ आणि वांगी यांच्यावर बंदी आली. आपल्याकडे मोठा संताप झाला, युरोपने आकसाने केलं असंही बोललं गेलं. पण उपाय माहीत होता, अवघड नव्हता: ४८ अंश सेल्सियस पाण्यात ६० मिनिटं, तीही मान्यताप्राप्त पॅकहाउसमध्येच. व्यवस्था बसवली, आणि २०१५ च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी मुदतीआधी उठली.

साठ मिनिटं म्हणायला सोपं आहे. थंड फळांचे क्रेट टाकीत उतरले की पाण्याचं तापमान खाली येतं. ते पुन्हा ४८ वर आल्यावरच घड्याळ सुरू करायचं असतं. घाईच्या दिवशी तिथेच चूक होते. क्रेट दाटून भरले तर मधल्या फळांपर्यंत पाणी फिरत नाही. लहानमोठी फळं एकत्र असली तर लहान फळ शिजल्यासारखं होतं आणि मोठ्याच्या कोयीपाशी उष्णता पोचत नाही, म्हणून आधी वजनाने प्रतवारी करावी लागते. कोवळं फळ गरम पाणी सोसत नाही, सालीवर डाग उमटतात. चीक नीट निथळला नसेल तर तेही डाग. आणि साक्याचा, म्हणजे आतला गर पांढरट स्पंजासारखा झालेला आंबा बाहेरून निर्दोष दिसतो. तो पाण्याने बरा होत नाही, त्यासाठी बागेतच उन्हाच्या आधी तोडणी करून फळ तापल्या जमिनीवर न ठेवणं, एवढंच हाती असतं. म्हणजे रॉटरडॅममधला भाव रत्नागिरीतल्या सकाळच्या वेळेवर ठरतो. अमेरिकेची पद्धत निराळी, किमान ४०० ग्रे (मात्रेचं एकक) किरणोत्सार. जपान उष्ण बाष्प मागतो. एकाच फळाला तीन दारं आणि तीन चाव्या. या चाव्या घडवणं सरकारचं आणि पणन मंडळाचं काम आहे, आणि ते त्यांनी वाशीत करून दाखवलं. म्हणूनच मे २०२५ चं फॉर्मवरून झालेलं नुकसान जास्त चटका लावतं.

आता लोखंड. रबाळे, महापे, वागळे इस्टेटमधून युरोपला नट-बोल्ट जातात. त्यांच्यावरची युरोपची जकात चार टक्क्यांच्याही आत आहे. ती शून्य झाली तरी फार काही हलणार नाही. हलवणारी गोष्ट १ जानेवारी २०२६ पासून लागू झालेला सीमेवरचा कार्बन आकार, सीबॅम. आयातदाराने आणलेल्या पोलादामागे किती कार्बन डायऑक्साइड निघाला याचा हिशेब त्याला द्यायचा आहे आणि त्याचे पैसेही भरायचे आहेत. वर्षाला ५० टनांपर्यंत आणणाऱ्या आयातदाराला सूट आहे, पण ही मर्यादा त्याच्या सगळ्या देशांतल्या सगळ्या अशा मालाला मिळून आहे. ‘मी तर दहाच टन पाठवतो’ म्हणून ठाण्यातल्या कारखानदाराने निर्धास्त राहू नये.

पोलादाच्या मालात विजेचा हिशेब धरत नाहीत, भट्टीतलं इंधन धरतात. बोल्ट बनवणाऱ्याची भट्टी छोटी. खरा भार बोल्ट ज्यापासून बनतो त्या जाड तारेचा, वायर रॉडचा असतो. ब्लास्ट फर्नेसच्या, म्हणजे खनिजापासून लोखंड काढणाऱ्या कोळशाच्या भट्टीच्या वाटेने आलेल्या एक टन पोलादामागे दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड, भंगार वितळवून केलेल्यामागे त्याहून बराच कमी. म्हणजे पोलाद गिरणीकडून आकडा मिळाला पाहिजे, आणि तो कोणत्या हीटचा, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या कोणत्या घाण्याचा आहे हे सिद्ध करता आलं पाहिजे. इथे घोडं पेंड खातं. कळंबोलीच्या बाजारातून माल घेताना बंडल फोडून दिलं जातं, टॅग बाजूला पडतो, मिल टेस्ट सर्टिफिकेटची झेरॉक्स नंतर कुठली तरी जोडली जाते. हीट नंबर हरवला की खरा आकडा हरवला. मग युरोपची ठोकळ मूल्यं लागतात, आणि ती चढी ठेवलेली आहेत. भंगाराच्या पोलादाचा बोल्ट ब्लास्ट फर्नेसच्या भावाने कर भरतो. आयातदार दोनदा भरेल, तिसऱ्यांदा तुर्कस्तानातला पुरवठादार शोधेल.

खऱ्या आकड्याची पडताळणी मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावी लागते आणि तिची फी दहा कामगारांच्या शेडला झेपणारी नाही. टिसा आणि ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशनसारख्या संघटनांनी हे काम अंगावर घ्यावं असं मला मनापासून वाटतं: एक जाणकार माणूस, सगळ्यांसाठी एकसारखी वही, आणि पडताळणी करणाऱ्याला एकाच फेरीत तीस-चाळीस कारखाने.

आयातीबद्दलची आपली नाराजी मात्र मला पटत नाही. बांगलादेशने कपड्यात जे केलं ते आयातीच्या जोरावर. १९७९ मध्ये चितगावच्या देश गारमेंट्सने १३० माणसं दक्षिण कोरियात देवू कंपनीच्या बुसान इथल्या कारखान्यात शिकायला पाठवली; परतल्यावर काही वर्षांत त्यांतले बहुतेक बाहेर पडले आणि विद्या देशभर पसरली. पण नुसत्या विद्येने भागलं नसतं. सरकारने दोन सोयी दिल्या. पहिली, निर्यातीसाठी लागणारं कापड जकात न भरता बंदिस्त गोदामात आणायची मुभा. दुसरी, बॅक-टू-बॅक एलसी: परदेशी गिऱ्हाइकाने दिलेल्या पतपत्राच्या आधारावर बँक कापडवाल्याच्या नावे दुसरं पतपत्र काढते, त्यामुळे भांडवल नसलेलाही कारखाना उभा राहतो. कापूस फारसा न पिकवणारा देश, आणि आज त्याच्या निर्यातीत ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा तयार कपड्यांचा आहे. याच वाटेवर २४ एप्रिल २०१३ ला कोसळलेली राणा प्लाझा ही कपडे कारखान्यांची इमारतही आहे, ११३४ मृत्यू. इमारतीला तडे गेलेले दिसत असताना माणसांना आत पाठवलं गेलं. इथल्या दुकानांतल्या स्वस्त शर्टांची किंमत तिकडे अशी मोजली गेली. व्यापाराची बाजू मांडणाऱ्याने हे टाळू नये.

आपल्याकडेही ॲडव्हान्स ऑथरायझेशन आहे. निर्यातीसाठी लागणारा कच्चा माल जकातीशिवाय आणा, किमान १५ टक्के मूल्य वाढवा, १८ महिन्यांत निर्यात करा. कागदावर उत्तम. पण छोटा कारखाना एका वेळी दोन-तीन टन घेतो, तेही उधारीवर, व्यापाऱ्याकडून, जकात भरलेल्या भावाने. योजनेचा फायदा थेट कंटेनर मागवणाऱ्यालाच होतो. त्यात एखाद्या मोठ्या उत्पादकाच्या अर्जावरून कच्च्या मालावर अँटी-डंपिंग कर, म्हणजे फार स्वस्तात येणाऱ्या आयातीवरचा जादा कर, लागला की वरचा वाचतो आणि त्याच्याच मालावर चालणारे खालचे शंभर मरतात. त्या शंभरांचं म्हणणं सुनावणीत मांडायला वकील नसतो. ‘देशी उद्योगाला संरक्षण’ हे शब्द ऐकले की कोणता उद्योग, वरचा की खालचा, हे आधी विचारावं.

श्रीमंत देश सोवळे आहेत असं अजिबात नाही. कच्च्या कॉफीवर युरोपचा सर्वसाधारण दर शून्य, भाजलेल्या कॉफीवर ७.५ टक्के. बी पाठवा, भाजू आम्ही. नेदरलँड्समध्ये कोकोचं एक झाड उगवत नाही, तरी कोको बियांच्या आयातीत हा देश जगात सर्वांत पुढे आणि झांडामचा परिसर कोको दळण्यासाठी प्रसिद्ध आहे. घाना आणि आयव्हरी कोस्टचा शेतकरी मात्र बियांच्या भावावर जगतो. म्हणून ४ नोव्हेंबर २०१९ ला भारत आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारातून बाहेर पडला तेव्हा दुग्धव्यवसायाची वाटलेली भीती मला खोटी वाटत नाही. दोन म्हशींच्या मालकाला न्यूझीलंडच्या दूध पावडरीसमोर उभं करणं हा न्याय नव्हे. काय वाचवायचं ते मोजकं ठरवावं आणि त्याला मुदत घालावी.

आणि कांदा. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये सरसकट बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठवून किमान निर्यात मूल्य टनाला ५५० डॉलर आणि पुन्हा ४० टक्के, एप्रिल २०२५ पासून शून्य. २०१९ आणि २०२० मध्येही बंदी आलीच होती. युरोपातला खरेदीदार हंगामाआधी आठवडानिहाय वेळापत्रक ठरवतो. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली. दहा-चौदा दिवस वाढले, ते त्याने वेळापत्रकात बसवून घेतले. रात्रीतून निघणारी अधिसूचना त्याला बसवून घेता येत नाही. तो इजिप्तचा कांदा घेतो, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक भाव पाडूनच परत मिळतं. ठाण्याच्या भाजीबाजारात कांदा स्वस्त राहावा ही इच्छा योग्य आहे. त्यासाठी चांगल्या कांदाचाळी आणि शीतगृहं बांधायची, की लासलगावच्या शेतकऱ्याचा बाजार बंद करायचा, यातला दुसरा मार्ग आपण दर वेळी निवडतो, कारण त्याला एका कागदापलीकडे काही लागत नाही.

अमेरिकेच्या हापूस हंगामाची तयारी एप्रिलमध्ये करून चालत नाही. किरणोत्साराची मात्रा मोजणारी उपकरणं जानेवारीत तपासून घ्यावीत, फेब्रुवारीत एक लहान खेप पूर्ण कागदपत्रांसह पाठवून पाहावी, आणि पीपीक्यू २०३ वरची प्रत्येक नोंद सही होण्याआधी दुसऱ्या माणसाने वाचावी. पंधरा खेपांसाठी दुसऱ्या वाचनाला एक दुपार पुरली असती.