आठ कोटी रोजगार: आकडा खोटा नाही, पण त्या आठ कोटी नोकऱ्याही नाहीत

१३ जुलै २०२४ रोजी गोरेगावच्या नेस्को संकुलातील भाषणात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी रिझर्व्ह बँकेच्या अहवालाचा हवाला देत सांगितले की, गेल्या तीन-चार वर्षांत सुमारे ८ कोटी नवे रोजगार निर्माण झाले. समर्थकांच्या मजकुरात याचे लगेच ‘सरकारने आठ कोटी नोकऱ्या दिल्या’ असे झाले. सोबत भविष्य निर्वाह निधीची आकडेवारी आणि ३.२ टक्के बेरोजगारी दर असे दोन पुरावेही जोडले गेले. विरोधकांनी उलट टोक गाठले आणि रिझर्व्ह बँकेने आकडा रचला असे म्हटले. नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणाला या दोन्हींचा उपयोग नाही, म्हणून एकेक मुद्दा तपासून पाहू.

पहिला दावा: हे रोजगार रिझर्व्ह बँकेने मोजले. तसे नाही. ज्या माहितीसाठ्यातून हा आकडा येतो त्याचे नाव ‘केएलईएमएस’: भांडवल, श्रम, ऊर्जा, कच्चा माल आणि सेवा. अर्थव्यवस्थेचे २७ उद्योगगट पाडून प्रत्येकाची उत्पादकता काढणे हा त्याचा उद्देश. त्यासाठी श्रमिकांची संख्या लागते, आणि ती केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणातून, म्हणजे ‘पीएलएफएस’मधून घेतली जाते. बँकेचा माणूस कुणाच्या दारात जात नाही. सर्वेक्षणातून मिळते ते प्रमाण: शंभरातले किती जण कामावर. त्याला अंदाजित लोकसंख्येने गुणले की कोटींतला आकडा तयार होतो. शेवटची जनगणना २०११ची असल्याने हा गुणक जुन्या पायावरच उभा आहे. लोकसंख्येच्या अंदाजात एका टक्क्याचा फरक पडला, तरी एकूण रोजगारात ६० लाखांहून जास्त फरक पडतो.

कालावधीही पाहायला हवा. भाषणाच्या आठवड्यातच केंद्रीय श्रम मंत्रालयाने काढलेल्या निवेदनात ८ कोटींहून अधिक रोजगारसंधींचा काळ २०१७-१८ ते २०२१-२२ असा दिला होता, वर्षाला सरासरी २ कोटी. यात कोविडचे वर्ष येते. २०२०-२१ मध्ये अर्थव्यवस्था आकसली, शहरांतले कारखाने आणि बांधकामे महिनोन्‌महिने थंडावली, आणि तरीही या मोजणीत काम करणाऱ्यांची संख्या वाढली. हे कसे झाले याचे उत्तर पुढच्या मुद्द्यात आहे, आणि सगळ्या वादाचा गाभाही तोच आहे.

दुसरा दावा: या आठ कोटी नोकऱ्या आहेत. नोकरी म्हटले की महिन्याचा पगार, हजेरीपट, निदान एक मालक डोळ्यासमोर येतो. पीएलएफएसचा ‘नेहमीचा दर्जा’ असे काही मागत नाही. गेल्या ३६५ दिवसांत माणसाचा जास्त वेळ कशात गेला हे आधी पाहतात. तो काम करण्यात गेला नसेल, तरी वर्षभरात किमान ३० दिवस काही आर्थिक काम केले असेल, तर दुय्यम दर्जाने ती व्यक्ती रोजगारात धरली जाते. स्वतःच्या शेतात महिनाभर कापूस वेचणारी, घरच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसणारी, दूधधंद्यासाठीच्या जनावरांचे करणारी बाई पगाराविना ‘घरच्या उद्योगातील मदतनीस’ म्हणून मोजली जाते. तिचे काम खरे आहे आणि ते मोजलेच पाहिजे. मात्र ते कुणी ‘दिलेले’ नाही.

आता आकडे. श्रम मंत्रालयाच्याच म्हणण्यानुसार २०१७-१८ मध्ये एकूण रोजगार ४७.५ कोटी होता, तो २०२३-२४ मध्ये ६४.३३ कोटी झाला. वाढ १६.८३ कोटी. या दोन वर्षांतली पीएलएफएसची वर्गवारी अशी आहे: स्वयंरोजगार ५२.२ टक्क्यांवरून ५८.४, नियमित पगारी काम २२.८ वरून २१.७ आणि रोजंदारी २४.९ वरून १९.८ टक्के. ही टक्केवारी एकूण रोजगाराला लावली, तर ढोबळमानाने स्वयंरोजगारात १२.८ कोटींची भर दिसते, पगारी कामात ३.१ कोटींची आणि रोजंदारीत ९० लाखांची. स्वयंरोजगारातले बिनपगारी मदतनीस १३.६ टक्क्यांवरून १९.४ टक्क्यांवर गेले. म्हणजे केवळ त्या एका गटात सुमारे ६ कोटींची वाढ आहे, पगारी कामातल्या वाढीच्या जवळपास दुप्पट.

शेतीकडे पाहिले तरी हेच दिसते. कामकऱ्यांतला शेतीचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, २०२०-२१ मध्ये तो ४६.५ टक्क्यांवर चढला आणि २०२३-२४ मध्येही ४६.१ टक्के आहे. टाळेबंदीत गावी परतलेला माणूस घरच्या दोन एकरांत उतरला की आकडेवारीत तो बेरोजगार राहत नाही. जमीन तेवढीच आणि पीकही तेवढेच, फक्त राबणारे हात वाढले. विकसित होत जाणाऱ्या देशात हा वाटा घटायला हवा, आणि आपल्याकडे तो पाच वर्षे हटलेला नाही. एवढी गंभीर बाब ‘आठ कोटी’ या एका आकड्याखाली झाकली जाते, याचे आम्हाला फार वाईट वाटते.

पगारी कामातली ३.१ कोटींची भर नाकारायचे कारण नाही. सहा वर्षांत म्हणजे वर्षाला ५० लाखांच्या आसपास. पण २०२३-२४च्या आर्थिक पाहणीनेच २०३० पर्यंत दरवर्षी सरासरी ७८.५ लाख बिगरशेती रोजगारांची गरज सांगितली आहे. आणि देशातल्या सगळ्या नोंदणीकृत कारखान्यांत मिळून २०२२-२३ मध्ये सुमारे १.८४ कोटी माणसे होती. आठ कोटी ‘नोकऱ्या’ म्हणजे या सगळ्यांच्या चौपटीहून जास्त. शिवाय बिगरशेती क्षेत्रातल्या पगारदारांपैकी निम्म्याहून अधिक जणांकडे लेखी करार नाही.

तिसरा दावा: पीएफच्या खात्यांवरून हे सिद्धच होते. २०२३-२४ मध्ये निव्वळ १.३१ कोटी सदस्य वाढले, हे बरोबर. मात्र ‘निव्वळ’ म्हणजे नवे सदस्य, अधिक परत आलेले, वजा बाहेर पडलेले. एक नोकरी सोडून दुसरीकडे रुजू झालेला माणूस आधी वजाबाकीत आणि नंतर बेरजेत येतो. पीएफचा कायदा सर्वसाधारणपणे २० किंवा त्याहून जास्त कामगारांच्या आस्थापनेला लागू होतो. १९ माणसांच्या कारखान्यात विसावा रुजू झाला की नोकरी एकच वाढते, पण आधीच्या १९ जणांची खाती नव्याने उघडली तर नवे सदस्य २० दिसतात. कोविडनंतरच्या आत्मनिर्भर भारत रोजगार योजनेत १५ हजारांपेक्षा कमी पगाराच्या नव्या भरतीसाठी, १,००० पर्यंत कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांत, मालक आणि कामगार या दोघांचा मिळून २४ टक्के हिस्सा सरकारने दोन वर्षे भरला. त्यामुळे आधीच कामावर असलेल्यांची नोंदणी होण्यालाही चालना मिळाली. कामगाराला पीएफ मिळणे ही चांगलीच गोष्ट आहे. त्यातून नोंदणी मोजता येते, नवी जागा नाही. मासिक आकडे तात्पुरते असतात, मालकांची विवरणे उशिरा येतात आणि नंतर आकडे बदलतात, हेही ध्यानात ठेवावे.

केंद्र सरकारच्या रोजगार मेळाव्यांबद्दलही थोडक्यात. ऑक्टोबर २०२२ पासून तिथे जी नियुक्तिपत्रे वाटली जातात ती नेहमीच्या भरती यंत्रणांमार्फत निवड झालेल्या उमेदवारांची असतात. रिक्त जागा भरणे आवश्यकच आहे, पण त्याने पदांची एकूण संख्या वाढत नाही.

आता दुसऱ्या बाजूचा दावा: आकडा रचलेला आहे, कारण सीएमआयई या खासगी संस्थेने जून २०२४ चा बेरोजगारी दर ९.२ टक्के दिला होता. हा युक्तिवादही टिकत नाही. सीएमआयई मुलाखतीच्या आसपासच्या दिवशी काम होते का ते विचारते, पीएलएफएसचा नेहमीचा दर्जा वर्षभराचा विचार करतो. मोजपट्ट्या वेगळ्या आहेत, तर उत्तरे वेगळी येणारच. रिझर्व्ह बँकेची आकडेवारी आणि तिची पद्धत दोन्ही जाहीर आहेत. वरचे सगळे गणित सरकारी तक्त्यांवरूनच केले आहे.

राहिला ३.२ टक्क्यांचा दर. तो २०२३-२४चा, नेहमीच्या दर्जाचा आहे. ३० दिवसांच्या कामाने माणूस बेरोजगारांतून बाहेर पडत असेल तर दर कमीच दिसणार. त्याच वर्षी १५ ते २९ वयोगटात तो १०.२ टक्के होता. मे २०२५ पासून मासिक पीएलएफएसही येऊ लागले आहे, आणि त्यात एप्रिल २०२५ चा दर ५.१ टक्के होता. ३.२ आणि ५.१ शेजारी ठेवून बेरोजगारी एकदम वाढली असे म्हणणे तितकेच चूक आहे. मासिक दर ‘चालू साप्ताहिक’ दर्जाचा असतो, ज्यात सात दिवसांत एक तास काम पुरते. त्याच दर्जाने २०२३-२४चा दर ४.९ टक्के होता. जानेवारी २०२५ पासून नमुना निवडण्याची पद्धतही बदलली आहे, त्यामुळे ४.९ आणि ५.१ यांची तुलनाही जपूनच करावी लागते.