डेडस्टॉक रजिस्टर रद्दीत कसे काय जाते?

सोलापूरच्या आमच्या महाविद्यालयाची जुनी विज्ञान प्रयोगशाळा पाडणार हे माहीत होते आणि त्याबद्दल माझी फारशी तक्रारही नव्हती; पण आज दुपारी सागवानी टेबलांबरोबर डेडस्टॉक रजिस्टरांचा गठ्ठाही भंगाराच्या टेम्पोत फेकलेला पाहिला आणि संताप अनावर झाला. कोणते उपकरण कधी आले, केवढ्याला घेतले, कधी निकामी ठरले, ही सगळी नोंद किलोच्या भावाने गेली.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी इथल्याच डार्करूममध्ये स्पेक्ट्रोमीटरच्या, म्हणजे प्रकाशाचा वर्णपट मोजायच्या उपकरणाच्या, प्रिझम टेबलाखालची स्प्रिंग तुटली होती. प्रयोगशाळेतल्या परिचर मामांनी घरच्या यंत्रमागाची बारीक स्प्रिंग आणली, पकडीने कापली आणि लेव्हलिंग स्क्रूवर बसवली. सोडियमचा दिवा आधी लालसर पेटला, मग हळूहळू पिवळा झाला, आणि दुर्बिणीत स्लिटची रेघ जागेवर दिसली. सरांनी रजिस्टरातल्या शेऱ्याच्या रकान्यात मामांच्या नावासह ही दुरुस्ती लिहिली, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. आज तीच ओळ रद्दीत गेली आहे.

अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेची बिल्डिंग २० ही १९४३ मध्ये रडार संशोधनासाठी घाईघाईने उभारलेली तीन मजली लाकडी इमारत. युद्ध संपल्यावर पाडायची म्हणून बांधलेली ती १९९८ पर्यंत उभी राहिली. भौतिकशास्त्रज्ञ जेरॉल्ड झकारियास यांना आण्विक घड्याळासाठी उंची हवी होती, तेव्हा तिथल्या मजल्यांची जमीनच काढली गेली. नोम चॉम्स्की यांचे भाषाशास्त्रही तिथेच वाढले. तिला देखणी कोणी म्हटले नाही. तरीही पाडण्यापूर्वी तिथे काम केलेल्यांना बोलावून रीतसर निरोप दिला, आठवणी आणि कागद जपून ठेवले, आणि मगच त्या जागी २००४ मध्ये स्टाटा सेंटर ही नवी इमारत उभी राहिली. मजले कापणारे ते लोक आणि मागाची स्प्रिंग बसवणारे आमचे मामा मला एकाच जातकुळीचे वाटतात. फरक एवढाच, की त्यांची नोंद राहिली.

आमच्या छताच्या सळया उघड्या पडल्या होत्या आणि मुलांच्या डोक्यावर ढलपे कोसळण्याची भीती होती, हे मान्य करावेच लागेल. पण रजिस्टरे कोणाच्या डोक्यावर पडणार होती?

सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ २००४ मध्ये मिळाले. त्याआधी आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे विद्यार्थी. त्या काळात इथे विज्ञान कसे शिकवले गेले, हे अशाच कागदांतून कळणार होते. मामा आज हयात नाहीत. त्यांच्या नातवंडांना ती ओळ दाखवावी, असे फार वाटत होते.

टेम्पो कोणत्या रद्दीवाल्याकडे गेला ते विचारून घेतले आहे आणि उद्या सकाळी मी तिथे जाणार आहे. सोबत येणाऱ्यांनी, तसेच ज्यांच्याकडे प्रयोगांची जुनी जर्नल्स किंवा बॅचचे फोटो असतील त्यांनी, कृपया इथेच कळवावे.