केमाल पाशाची ती एक रात्र

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, मराठी भाषा गौरव दिन आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज न चुकता येतो. सप्टेंबरात हिंदी दिवसाला तोच मेसेज हिंदीतून येतो, फक्त ‘मराठी’च्या जागी ‘हिंदी’ घातलेलं असतं. गोष्ट अशी: तुर्कस्तान स्वतंत्र झाल्यावर केमाल पाशाने अधिकाऱ्यांना विचारलं, देशाचा सगळा कारभार तुर्की भाषेत आणायला किती वेळ लागेल? अधिकारी म्हणाले, दहा वर्षं. पाशा म्हणाला, ‘मग ती दहा वर्षं उद्या सकाळी दहा वाजता संपली असं समजा.’ झालं! दुसऱ्या दिवसापासून अख्खा देश तुर्कीत लिहू-बोलू लागला आणि पुढे गेला. आपण मात्र पंचाहत्तर वर्षं चर्चाच करतोय. खाली हात जोडलेले आणि एक ओळ: ‘इच्छाशक्ती हवी!’

गोष्ट फक्कड आहे, सभेत सांगितली तर टाळी हमखास. पण तिच्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठे ना कुठे लंगडं आहे, आणि खरं जे घडलं ते या गोष्टीपेक्षा कितीतरी जास्त रंगतदार आहे. म्हणून एकेक वाक्य घेतो.

‘तुर्कस्तान स्वतंत्र झाल्यावर.’ कोणापासून? तुर्कस्तान कुणाची वसाहत नव्हता. उलट उस्मानी साम्राज्य सहाशे वर्षं दुसऱ्यांवर राज्य करत होतं. पहिलं महायुद्ध ते हरलं, इस्तंबूलमध्ये दोस्तांच्या फौजा शिरल्या, मे १९१९मध्ये ग्रीक सैन्य इझमीरला उतरलं. त्यांना हुसकून लावायची लढाई १९२२पर्यंत चालली आणि २९ ऑक्टोबर १९२३ला प्रजासत्ताक जाहीर झालं, केमाल त्याचा पहिला राष्ट्राध्यक्ष. म्हणजे आपल्याकडे इंग्रजी होती तशी डोक्यावर बसलेली परकी राज्यभाषा तिथे नव्हतीच.

‘कारभार तुर्की भाषेत आणायला किती वेळ?’ शून्य मिनिटं, कारण कारभार तुर्कीतच होता. १८७६च्या उस्मानी राज्यघटनेचं अठरावं कलम सांगतं की सरकारी नोकरी हवी असेल तर तुर्की, म्हणजे राज्याची अधिकृत भाषा, आली पाहिजे. केमालचा जन्म १८८१चा. जे कलम त्याच्या जन्माआधी पाच वर्षं लागू झालं होतं, त्यासाठी तो अधिकाऱ्यांना कशाला विचारत बसेल? आता ती दरबारी तुर्की अरबी-फारसी शब्दांनी इतकी लगडलेली होती की अनातोलियातल्या शेतकऱ्याला त्यातलं निम्मं कळत नसे, हे खरं. पण ती तुर्कीच होती.

पाशाने एका झटक्यात बदलली ती भाषा नव्हे, लिपी: अरबी अक्षरं गेली, लॅटिन म्हणजे रोमन आली. लिपी आणि भाषा यांतला फरक मराठी माणसाला तरी समजावून सांगायला नको. मोडीतलं पत्र आणि बाळबोधीतलं पत्र दोन्ही मराठीच.

‘अधिकारी म्हणाले, दहा वर्षं.’ या एका वाक्यात मात्र खऱ्याचं बी आहे. १९२८च्या उन्हाळ्यात नव्या अक्षरांसाठी एक समिती नेमली होती. तिच्यात फालिह रिफ्की अताय हे पत्रकार होते, त्यांनी आठवणींत हे लिहून ठेवलं आहे. समितीतल्या काहींना हा बदल पचायला पंधरा वर्षं हवी होती, काहींना पाच. आधी वर्तमानपत्रात एखादा रकाना नव्या अक्षरांत छापायचा, मग हळूहळू वाढवत न्यायचं. केमालचं उत्तर: एक तर तीन महिन्यांत होईल, नाहीतर कधीच होणार नाही. त्यामागचं त्याचं कारण मला फार शहाणपणाचं वाटतं. अर्धा रकाना जरी जुन्या अक्षरांत उरला, तरी सगळे तेवढाच वाचतील. आणि मध्येच युद्ध किंवा संकट आलं तर आपल्या अक्षरांची गत एनव्हरच्या अक्षरांसारखी होईल.

एनव्हर पाशा म्हणजे महायुद्धातला युद्धमंत्री. त्याने अरबी अक्षरं जोडून न लिहिता सुटी लिहायची पद्धत सैन्यात सक्तीची केली होती. ऐन लढाईत कुणाला कुणाचे संदेश धड वाचता येईनात, आणि ती गुंडाळावी लागली. म्हणजे ‘उद्यापासून हुकूम’ हा प्रयोग तुर्कांनी आधी करून पाहिला होता, आणि तो फसला होता. मेसेजमध्ये एनव्हर नाही, हे सांगायला नको.

त्याच्याही मागे जाता येतं. १८६२मध्ये मुनीफ पाशा या उस्मानी मुत्सद्द्याने इस्तंबूलमध्ये लिपिसुधारणेचं भाषण केलं होतं, पुढच्या वर्षी अझरबैजानी लेखक आखुंदोव आपली योजना घेऊन तिथे आला. अडचण खरी होती. तुर्कीत आठ स्वर, आणि ते दाखवायला अरबी अक्षरं तोकडी. एकच शब्द ‘ओल्दू’ वाचला तर ‘झाला’, आणि ओठ गोल ठेवून ‘एल्द्यू’सारखा वाचला तर ‘मेला’. लिहायचे मात्र दोन्ही एकसारखे. पाशा अमुक झाला की पाशा मेला, हे मागच्या-पुढच्या वाक्यांवरून ताडायचं. तरीही १९२३च्या इझमीरच्या अर्थपरिषदेत कुणी लॅटिन अक्षरांचा ठराव आणला, तेव्हा अध्यक्ष काझम काराबेकिर यांनी तो चर्चेलाच घेतला नाही. तिकडे अझरबैजानने लॅटिन लिपी घेतलीसुद्धा. म्हणजे १९२८च्या त्या ‘एका रात्री’मागे साठ-पासष्ट वर्षांची भांडणं उभी आहेत.

बरं, रात्र तरी एक होती का? ९ ऑगस्ट १९२८ला इस्तंबूलच्या गुल्हाने बागेत केमालने नवी अक्षरं जाहीर केली. मग तो स्वतः गावोगाव हिंडला. सप्टेंबरातला कायसेरीचा फोटो प्रसिद्ध आहे: सुटाबुटातला राष्ट्राध्यक्ष उघड्यावर फळ्यापुढे खडू घेऊन उभा आहे आणि अक्षरं शिकवतोय. कायदा झाला १ नोव्हेंबरला. वर्तमानपत्रं १ डिसेंबरपासून, पुस्तकं १ जानेवारी १९२९पासून. सरकारी कामात काही कारणांपुरती जुनी अक्षरं वापरायची मुभा तर जून १९३०पर्यंत होती. एका अख्ख्या देशाची लिपी बदलायला पाच महिने म्हणजे अचाट वेग आहे, त्याबद्दल वादच नाही. पण सकाळचे दहा नव्हेत.

‘दुसऱ्या दिवसापासून अख्खा देश लिहू लागला.’ अख्खा देश कशातच लिहीत नव्हता. १९२७च्या जनगणनेत लोकसंख्या १ कोटी ३६ लाख, आणि लिहिता-वाचता येणारे साधारण दहात एक. हा आकडा ध्यानात घेतल्याशिवाय त्या वेगाचं गणित सुटत नाही. नवी लिपी नव्याने शिकायची होती ती त्या एकाला. उरलेल्या नऊ जणांना विसरण्यासारखं काही नव्हतंच. ज्यांना वाचता येत होतं त्यांची मात्र पंचाईत झाली. वर्तमानपत्रांचा खप असा कोसळला की सरकारला अनुदान देऊन ती जगवावी लागली. १ जानेवारी १९२९ला ‘राष्ट्राच्या शाळा’ सुरू झाल्या. सोळा ते पंचेचाळीस वयाच्या माणसांना तिथे दोन ते चार महिन्यांचे वर्ग. एवढं करून १९३५ला साक्षरता पोचली दहात दोनपर्यंत. दुप्पट झाली, हे मोठंच काम. पण ते केलं रात्रीच्या वर्गांनी, खडू-फळ्याने आणि हजारो मास्तरांनी. मेसेजमध्ये या मास्तरांना जागा नाही याचा मला जास्त राग येतो.

‘अख्खा देश तुर्कीत बोलू लागला.’ इथे गोष्ट हलकीफुलकी राहत नाही. १९२७ला सुमारे ८६ टक्के लोकांची मातृभाषा तुर्की होती. पण तो देश असा एकभाषी झाला कसा? १९१५पासून अर्मेनियन लोकांच्या कत्तली आणि हद्दपाऱ्या झाल्या. १९२३मध्ये ग्रीसशी लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला आणि दहा लाखांहून जास्त ख्रिस्ती माणसं तिकडे गेली (यातले बरेच जण तर लढाईतच पळाले होते), काही लाख मुसलमान इकडे आले. गंमत म्हणावी की क्रौर्य, ही अदलाबदल भाषेवर नव्हे तर धर्मावर झाली. अनातोलियातले करामानली ख्रिस्ती घरीदारी तुर्की बोलायचे. त्यांची रवानगी ग्रीसला. क्रीट बेटावरच्या अनेक मुसलमानांना ग्रीकशिवाय काही येत नव्हतं. ते आले तुर्कस्तानात. आणि मग १९२८मध्ये इस्तंबूलच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी मोहीम काढली: ‘नागरिका, तुर्की बोल!’

उरलेल्यांत मोठा गट कुर्दांचा. लिपीचा हाच कायदा पुढे त्यांच्यावर चालवला गेला. कुर्द भाषा लिहायला लागणारी तीन लॅटिन अक्षरं तुर्की वर्णमालेत नाहीत, ती वापरली म्हणून माणसांवर खटले झाले. ती अक्षरं वापरायची मोकळीक मिळाली २०१३च्या सुधारणांनंतर. ‘इच्छाशक्ती’ हा शब्द फॉरवर्ड करताना हे पंचाऐंशी वर्षांचं बिलही सोबत जोडावं.

आता भाषेकडे येऊ, कारण ती बदलायचा खटाटोपही केमालने केलाच, फक्त लिपीनंतर. १२ जुलै १९३२ला तुर्की भाषेची संस्था स्थापन झाली. अरबी-फारसी शब्द काढायचे आणि बोलींतून, जुन्या ग्रंथांतून किंवा सरळ घडवून नवे घालायचे. सावरकर आणि माधव जूलियन यांची भाषाशुद्धी आठवा, आणि तिच्यामागे अख्खं सरकार उभं आहे अशी कल्पना करा. ऑक्टोबर १९३४मध्ये स्वीडनचा युवराज पाहुणा आला, तेव्हा केमालने इतक्या नव्या-कोऱ्या शब्दांत भाषण केलं की खुद्द तुर्की श्रोत्यांना ते धड समजलं नाही. पुढच्या वर्षभरात तो स्वतःच थबकला. आपण भाषेला गल्लीच्या बंद टोकाला आणून ठेवलंय, असं तो म्हणाल्याचं फालिह रिफ्कींनीच नोंदवलंय. मग एक अजब सिद्धान्त आला, की जगातल्या सगळ्या भाषा मुळात तुर्कीतून निघाल्या. तो हास्यास्पद होता पण सोयीचा होता. सगळेच शब्द जर मुळात तुर्की, तर काढायचे कशाला!

त्याच्या मृत्यूनंतरही हा झोपाळा थांबला नाही. १९४५मध्ये राज्यघटना शुद्ध तुर्कीत नव्याने लिहिली गेली. एकही कलम न बदलता, फक्त शब्द बदलून. १९५२मध्ये नव्या सरकारने तो मजकूर रद्द करून १९२४चा जुना शब्दन् शब्द परत आणला. मशिदीतली बांग १९३२पासून अरबीऐवजी तुर्कीत द्यायचा फतवा निघाला होता, पुढे अरबीत दिली तर शिक्षाही ठेवली. मे १९५०ला मतदारांनी केमालचा पक्ष घालवला, विरोधी पक्षाचे मेंदेरेस पंतप्रधान झाले, आणि महिन्याभरात, १६ जूनला, ती बंदी उठली. फेझ टोपीवर बंदी घालणारा केमालचा कायदा राहिला, लिपी राहिली, बांग परतली. हुकमाने केलेल्यातलं काय टिकतं आणि काय मतपेटी उलटून टाकते, हे बघायला याहून चांगलं उदाहरण नाही.

सगळ्यात चटका लावणारी गोष्ट केमालच्या स्वतःच्या भाषणाची. ऑक्टोबर १९२७मध्ये त्याने सहा दिवस, एकूण छत्तीस तास, क्रांतीचा इतिहास सांगितला. ते भाषण आजच्या तुर्की पोराला मुळातून कळत नाही. राष्ट्रपित्याचं भाषण त्याच भाषेतून त्याच भाषेत पुन्हा पुन्हा उतरवून द्यावं लागतं.

‘आणि आपण पंचाहत्तर वर्षं चर्चाच करतोय.’ मेसेजची हिंदी आवृत्ती इथे स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेते. आपल्या घटनेच्या ३४३व्या कलमात हिंदी राजभाषा आहे, राष्ट्रभाषा नव्हे, आणि इंग्रजीला दिलेली पंधरा वर्षांची मुदत १९६५च्या जानेवारीत संपत होती. सकाळी दहा वाजता म्हणा हवं तर. मद्रास राज्यात हिंदीविरोधी आंदोलन कसं पेटलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यातून इंग्रजीला मुदतवाढच मिळाली. ज्यांची भाषा नाही त्यांच्यावर हुकूम चालवायचा, तर तुर्कस्तानने आधी जे केलं तेही करावं लागतं. ते कुणाला हवंय?

मराठी आवृत्तीला उत्तर द्यायला तर इस्तंबूलला जायचीही गरज नाही. कुठल्याही पाशाशिवाय, कुठल्याही रात्रीशिवाय, आपण आपली एक लिपी घालवून बसलोय. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेतून आणि दप्तरातून उठली. आमच्याकडे पणजोबांच्या जमिनीचा एक मोडी कागद आहे. घरात चार पदवीधर, आणि त्यांच्या दृष्टीने तो कागद म्हणजे मुंग्यांची रांग. २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा मोडी वाचणारे हुडकावे लागले. तुर्कस्तानातही राष्ट्राध्यक्ष एर्दोआन २०१४मध्ये हेच म्हणत होते, की आपल्या लोकांना आजोबा-पणजोबांच्या थडग्यावरची अक्षरं वाचता येत नाहीत. त्यांनी जुनी लिपी शाळेत आणायचं घोषित केलं, तेव्हा निम्मा देश त्यांच्यावर तुटून पडला.

आणि राजभाषेचा कायदा आपल्याकडे नाही असंही नाही; १९६४चा अधिनियम आहे. कारभारात शब्दही आले: दिनांक, महापौर. महापौर रुळला. दिनांक अर्जावर राहिला, आणि लग्नाची अजून तारीखच निघते.

हा तारीख शब्द तुर्कीतही आहे, ‘तारिह’, आणि एवढी शुद्धी होऊनही तो गेला नाही. ग्रुपवरच्या मेसेजमध्ये पाशा हुकूम देतो. तुर्कीत ‘ह्युक्यूम’ आहे. खासदाराला तिथे तीसच्या दशकात ‘सायलाव’ असा नवा-कोरा शब्द दिला होता. दहाएक वर्षांत तो मेला. आज अंकाराच्या संसदेत बसतो त्याला म्हणतात ‘मिल्लेतवेकिली’. त्यातला मिल्लेतही अरबी, आणि वेकील तर आपल्या तालुक्याच्या कोर्टाबाहेर टायपिंगवाल्याशेजारी रोज बसलेला असतो.