केनेडीची बोट सगळ्यांना पाठ, आपल्या ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ कुणालाच माहीत नाहीत

हिंजवडीतल्या आयटीवाल्यांना लीडरशिपच्या ट्रेनिंगमध्ये केनेडीची (पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला तो) पीटी-१०९ ही टॉर्पेडो बोट हमखास ऐकवतात. १९४३ चा ऑगस्ट, सॉलोमन बेटं, रात्रीच्या अंधारात जपानी विनाशिका ‘आमागिरी’ने बोट मधोमध कापली, १३ पैकी २ गेले, आणि केनेडीने भाजलेल्या माणसाच्या लाइफ जॅकेटचा पट्टा दातात धरून पोहत त्याला बेटावर नेला. गोष्ट भारीच आहे, खरीही आहे. पण त्यांना शोधून काढणारे आणि नारळावर कोरलेला निरोप पोचवणारे बिउकू गासा आणि एरोनी कुमाना हे तिथलेच दोन आदिवासी, त्यांची नावं त्या स्लाइडवर नसतात. असो.

माझं म्हणणं वेगळंच आहे. असली गोष्ट आपल्याकडेपण आहे आणि ती आपण सांगत नाही, कारण त्या बोटी आपल्याच विमानांनी बुडवल्या.

१० डिसेंबर १९७१. आत्ताच्या बांगलादेशातल्या खुलन्याजवळची रूपसा नदी. आयएनएस पनवेल (हो, आपल्याच पनवेलचं नाव) आणि बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीच्या दोन गनबोटी, पद्मा आणि पलाश. गनबोट म्हणजे काय तर कलकत्ता पोर्टच्या साध्या बोटी, त्यावर बोफोर्सच्या ४० एमएमच्या तोफा बसवलेल्या. खलाशी बरेचसे पाकिस्तानी नेव्ही सोडून आलेले बंगाली आणि जोडीला आपले नेव्हीवाले. सगळ्यांचे प्रमुख कमांडर मोहन नारायणराव सामंत, आयएनएस करंज पाणबुडीचे पहिले कॅप्टन. मराठी माणूस, महावीर चक्र, आणि आपल्यातल्या किती जणांनी हे नाव ऐकलंय ते प्रामाणिकपणे सांगा.

मोंगला बंदर सकाळी हातात आलं, तिथून पुढे खुलन्याकडे निघाले, ओळख पटावी म्हणून बोटींवर पिवळा रंग दिलेला, आणि दुपारच्या सुमाराला वर आपलीच विमानं दिसली. आपलीच आहेत म्हटल्यावर गोळी कोण चालवणार? त्यांनीच सूर मारला. पद्मा गेली, मग पलाश गेली. पनवेल वाचली आणि पाण्यात पडलेल्यांना उचलायला लागली.

पद्मावर चिमण सिंग नावाचा हरियाणाचा लीडिंग सीमन होता. स्वतः जबर जखमी होऊन पाण्यात फेकला गेलेला, तरी गटांगळ्या खाणाऱ्या दोघांना त्याने किनाऱ्याला आणलं, आणि किनाऱ्यावर कोण तर पाकिस्तानी. त्यांचा गोळीबार चालू. हा गडी त्या दोघांना निसटता यावं म्हणून सरळ शत्रूच्या अंगावर धावून गेला. ते दोघं निसटले, हा पकडला गेला. बांगलादेश मुक्त झाल्यावर सुटला, हॉस्पिटलात गेला, त्यालाही महावीर चक्र मिळालं. मला तर ही गोष्ट केनेडीच्या गोष्टीच्या वरचढ वाटते, कारण पोहून वर आल्यावर याची लढाई संपली नाही, तिथून सुरू झाली.

आणि पलाशचा रुहुल अमीन. इंजिन रूममधला माणूस. बोट सोडायचा हुकूम झाला तरी इंजिन चालू ठेवायला खालीच थांबला, शेवटी पाण्यात उतरून किनाऱ्याला लागला आणि तिथे रझाकारांनी (पाकिस्तानी लष्कराला साथ देणाऱ्या तिथल्याच टोळ्यांनी) त्याला मारलं. बांगलादेशने त्याला ‘बीरश्रेष्ठ’ हा आपला सर्वोच्च शौर्य पुरस्कार दिला, असे तिथे फक्त ७ आहेत. आपण लोणावळ्याला भुशीला जातो, त्याच भागात आयएनएस शिवाजी आहे, तिथे नेव्हीचे इंजिनवालेच तयार होतात, पण आपलं लक्ष चिक्कीवर!

आता लोक म्हणतील आपल्याच चुकीचा गाजावाजा कशाला, मनोधैर्य खचतं वगैरे. मला नाही पटत. ४ डिसेंबरला कराचीवरच्या हल्ल्याचे फोटो सगळे टाकतात, टाकायलाच हवेत, पण १० तारखेला एकदम शुकशुकाट. वैमानिकांवरही राग नाही माझा. एवढ्या वेगात वरून खाली बघताना नदीतली बोट कुणाची ते कसं कळणार, घोळ नेव्ही आणि एअरफोर्सच्या आपसातल्या निरोपानिरोपीत असणार. पण तो घोळ झाकायचा म्हणून चिमण सिंगलापण झाकायचं, हा कुठला न्याय?

पुण्यात रिटायर्ड नेव्हीवाले आणि एअरफोर्सवाले गल्लोगल्ली आहेत. ७१ ला कुणी पूर्वेकडे असेल, किंवा तुमचे काका-आजोबा असतील, तर खाली लिहा. माझ्याशी भांडायचं असेल तरी चालेल.