थुंकी लावून मोजलेली लक्ष्मी

परवा दुकानात एका काकूंनी दहाची नोट दिली, चिकटपट्टीवाली आणि घामाने मऊ पडलेली. म्हणाल्या घे रे बाळा, कोणी घेतच नाही. घेतली, आणि त्याच हाताने पुढच्या गिऱ्हाईकाला गूळ फोडून दिला. मग माझं मलाच कसंतरी झालं.

आमच्या ग्रुपवर मधूनमधून मेसेज फिरतो, नोटेवर ७८ रोग असतात म्हणून. अरे बाबांनो, तो आकडा रोगांचा नाहीये, रोग करू शकणाऱ्या जंतूंच्या प्रकारांचा आहे! २०१५ साली दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेतल्या लोकांनी फेरीवाले, किराणा, मेडिकल अशा ठिकाणांहून १०, २० आणि १०० च्या नोटा गोळा केल्या आणि त्यांच्यावरचा डीएनए तपासला. त्यात बॅक्टेरियाचा वाटा साधारण ९ टक्केच, बुरशी वगैरेचा भरपूर, आणि रोग करू शकणारे ७८ प्रकारचे जंतू सापडले. शिवाय जंतूंना अँटिबायोटिकला दाद न द्यायला लावणारी जनुकं, तीही ७८च. ते वाईटच, पण डीएनए सापडला म्हणजे जंतू जिवंतच होता असं नाही ना. मेलेल्याचाही सापडतो.

आपली नोट म्हणजे तसा कागद नाहीच, कापूस आहे. घाम, तेल, हळद सगळं पिते. त्यात शंभराच्या मानाने दहाची बिचारी जास्त हात फिरते, म्हणून तीच जास्त मळकी.

मला विचाराल तर उगाच नोटेच्या नावाने बोटं मोडतो आपण. कोविडमध्ये लोकांनी नोटा धुतल्या, इस्त्री केल्या (आमच्या शेजारी तर दोरीवर वाळत घातल्या होत्या), पण वडापाववाला नोट घेऊन त्याच हाताने पाव उघडतो ते आजही चालतं. आणि आता सगळे क्यूआरवाले झालेत ते ठीक, पण तो मोबाईल कुठे कुठे जातो हे मी इथे लिहायला नको, संडासात तरी नोटा घेऊन कोणी बसत नव्हतं.

सगळ्यात भारी आमचे अण्णा. सकाळची भवानी झाली की नोट कपाळाला लावणार, लक्ष्मी ना ती, आणि रात्री गल्ला मोजताना त्याच लक्ष्मीला प्रत्येक दुसऱ्या नोटेला जिभेवरचा अंगठा. बँकेत कॅशियरकडे असते तशी स्पंजची डबी आणून दिली मागच्या महिन्यात. आता ते स्पंजवर बोट टेकवतात, मग सवयीने जिभेवर, मग नोटेवर.