पाऊसच पाऊस आहे रे, बाकी काही नाही

आज मुंबईहून पुण्याला येताना बसमध्ये शेजारच्या सीटवर एक मुलगा 'तुंबाड' बघत होता. मोबाईलवर. खिडकीतलं ऊन थेट स्क्रीनवर, एकाच कानात इअरबड आणि स्पीड दीडपट. वाकड आलं तेव्हा सिनेमा चाळीसेक मिनिटं शिल्लक होता. उतरता उतरता फोनवर कुणाला तरी म्हणाला, "बघितला रे. पाऊसच पाऊस आहे, बाकी काही नाही. भीतीबिती नाही वाटली."

कशी वाटेल? दीडपट स्पीडला सहा सेकंदांची शांतता चारच सेकंद टिकते. भयपटात दचकवणारा क्षण कुणीही करतो, खरी कारागिरी त्याच्या आधीच्या शांततेत असते. तीच तू कापून टाकलीस आणि वर सिनेमाला नावं ठेवतोस!

आणि हीच मंडळी 'टॉप २५ हॉरर' याद्या फिरवतात. काय बघायचं ते सगळे सांगतात, कसं बघायचं ते कुणी सांगत नाही. म्हणून आज मी सांगतो.

आधी टीव्ही. मोशन स्मूदिंग बंद करा. कुठे त्याला ट्रूमोशन म्हणतात, कुठे मोशनफ्लो, पण दुखणं एकच. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सचा, टीव्ही मधल्या फ्रेम्स स्वतः तयार करून घुसवतो आणि राक्षसाचा क्षणात रबरी मुखवटा घातलेला नट होतो. पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' ठेवा. अंधारात दिसत नाही म्हणून ब्राइटनेस वाढवू नका, काळ्याचं राखाडी होतं. एखादा अंधारा प्रसंग थांबवा. काळ्या कपड्याच्या चुण्या जेमतेम दिसल्या पाहिजेत आणि चित्राच्या वरखालच्या पट्ट्या काळ्याच राहिल्या पाहिजेत. एवढं जमलं की ट्यूबलाइट बंद. मिट्ट काळोख सोसत नसेल तर टीव्हीच्या मागे छोटा दिवा लावा, समोर नको. ॲपमधला डेटा सेव्हरही बंद, नाहीतर अंधाराचे चौकोनी तुकडे दिसतात.

आवाजाचं तर विचारूच नका. 'नाईट मोड', 'ऑटो व्हॉल्यूम' या सोयी हळू आवाज मोठा करतात आणि मोठा आवाज दाबतात. म्हणजे कुजबुज आणि किंकाळी एकाच मापाची. दबक्या आवाजातला संवाद नीट कळेल इतका आवाज लावा आणि रिमोट लांब ठेवा. पहिल्या किंकाळीला आवाज कमी केलात की पुढची कुजबुज गेलीच. पंखा पाचवर असेल तर दोनवर आणा. ब्लूटूथवर कधी कधी आवाज मागे पडतो. दार आधी आपटतं, धडाम् नंतर येतं. त्यापेक्षा शंभर-दोनशेचे वायरवाले इअरफोन बरे. मोबाईलवरच बघायचं असेल तर तेच घ्या. सगळ्यांकडे मोठा टीव्ही नसतो, मान्य. पण कान दोन असतात ना? दोन्ही वापरा!

असो. फार चिडलो.

मुळात वाईट वाटलं ते 'तुंबाड'साठीच. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आला तेव्हाही थिएटरं भरली नव्हती. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. दुसऱ्या भागाची घोषणाही तेव्हाच झाली. त्यातली म्हातारी नारायण धारपांच्या 'आजी' कथेतून आलेली, नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. आणि तो पाऊस! बघा, सिनेमाचा नायक विनायक वाड्यात शिरतो तेव्हा भिंती, कपडे, कातडी, सगळं ओलं असतं. वाड्यातल्या विहिरीतून खाली उतरल्यावर तो पिठाचं रिंगण आखतो आणि तिथल्या राक्षसापुढे पिठाची बाहुली टाकतो. वर पाणी, खाली कोरडं पीठ. उन्हात धरलेल्या मोबाईलवर हा फरक दिसणार कसा?

उजेडात बघूनही भीती वाटेल असं हवं असेल तर मराठीतला 'लपाछपी' (२०१७) बघा. भरदिवसा उसाचा फड आणि बाहेरची वाट सापडत नाही. इथे माझा अंधाराचा नियम लंगडा पडतो, ठीक आहे. हिंदीतला 'छोरी' त्याच दिग्दर्शकाचा, पण मराठी आधी.

मल्याळम 'भ्रमयुगम' (२०२४) अख्खा कृष्णधवल आहे. डेटा सेव्हर इथे सगळ्यात जास्त खटकतो. हिंदी डब नको, मूळ आवाजात बघा, मामुट्टीचा निम्मा अभिनय त्या आवाजात आहे. सबटायटल निवडताना कर्णबधिरांसाठीची, म्हणजे 'सीसी' लिहिलेली, गरज नसेल तर घेऊ नका. ती दार करकरण्याआधीच 'दार करकरते' असं छापून मोकळी होतात.

कॉमिक्समध्ये जपानी चित्रकार जुन्जी इतोचं 'उझुमाकी'. २०२४ ची चार भागांची ॲनिमेशन मालिका पहिल्या भागात अप्रतिम, दुसऱ्यात चित्रं ढासळली. पुस्तकच घ्या. उजवीकडून डावीकडे वाचायचं. इतो भयंकर चित्र पान उलटल्यावर दाखवतो, उलटायच्या आधीच्या चौकटीत पात्राचा फक्त चेहरा असतो. म्हणून टॅबवर एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय बंद करा आणि टॅब आडवा धरा, म्हणजे जोडपान एकत्र दिसेल. मोबाईलवर खाली सरकवत वाचलंत तर ते चित्र खालून हळूहळू वर येतं आणि खेळ संपतो.

वाचायला धारप आणि रत्नाकर मतकरी आहेतच, तुम्हाला काय सांगायचं! मतकरींचा 'खेकडा' हा कथासंग्रह एका रात्री एकच कथा असा वाचा. ओळीने तीन वाचल्या की डोकं शेवट ओळखायला लागतं. मलपृष्ठावरचा मजकूर आधी वाचायचा नाही.

आणि वाकडला उतरलेल्या भावा, तुझी शेवटची चाळीस मिनिटं राहिलीत. पिठाच्या बाहुल्या जास्त नेल्या की काय होतं, ते तू बघितलेलंच नाहीस.